चौकट कुणी रचली?

आजचा विषय 'शहरातलं रस्त्यावरचं छायाचित्रण आणि त्यातल्या अनपेक्षित रचना' असा जाहीर झालाय. नाव जरा भारदस्त आहे. आपण सुरुवात मात्र नाना पेठेतल्या एका हातगाडीपासून करू.

आम्ही म्हणजे कोण, ते आधी सांगतो. रविवारी सकाळी कॅमेरे घेऊन पुण्याच्या पेठांमधून हिंडणारे आम्ही सात-आठ जण. कुणी बँकेतून निवृत्त झालेले, कुणी आयटीतले, एक जण शाळेत चित्रकला शिकवणारे. हिंडून झालं की चहा घ्यायचा, एकमेकांची छायाचित्रं बघायची आणि त्यांच्यावर बोलायचं. बोलायचं म्हणजे बरेचदा भांडायचंच. आज जे मांडतोय ते त्या भांडणांतून आलेलं आहे, म्हणून ते सगळ्यांच्या वतीनं 'आम्ही' असंच मांडतोय.

तर एका रविवारी नाना पेठेत, सूर्य अजून खाली असताना, समोरून एक हातगाडी आली. गाडीवर पोत्यांची थप्पी. मागे जुन्या वाड्याचं उतरतं कौलारू छप्पर. आमच्यातल्या एकानं असा क्षण पकडला की पोत्यांची कलती रेघ आणि छपराची उतरती रेघ बरोबर एकमेकींना समांतर आल्या. एकाखाली एक असे दोन काळे त्रिकोण, आणि गाडीच्या दांड्यांमध्ये माणसाची काळी आकृती. आम्ही सगळे कॅमेऱ्याच्या पडद्यावर वाकून 'वा, काय सापडलंय!' असं म्हणत होतो. तेवढ्यात गाडीवाले काका थांबले. दाखवा म्हणाले. दाखवलं.

"यात मी कुठंय?"

"हे काय काका, मधे तुम्हीच की."

"हा काळा? हा कुणीबी असंल." मग त्यांनी जरा निरखून पाहिलं. "पोती मात्र माझीच हायत. कललीत बघा. मघाशी चढावर दोर ढिला झाला."

एवढं बोलून ते वळले, दोर सोडला, पुन्हा आवळून बांधला आणि निघून गेले. थप्पी सरळ झाली. आमचा त्रिकोण मोडला.

आजचं सगळं व्याख्यान या दोन मिनिटांवर आहे. ज्या कलत्या रेघेला आम्ही सुंदर रचना म्हणत होतो, ती त्यांच्या दृष्टीनं चूक होती, कदाचित अपघाताची सुरुवात. आणि जी आम्हाला 'सापडली' असं वाटत होतं, ती पोत्यांची थप्पी त्यांनी स्वतः रचली होती. हातगाडी भरणं ही सोपी गोष्ट नाही. वजन आसाच्या जास्त पुढे गेलं तर दांड्या हातांवर दाबतात, मागे गेलं तर दांड्या वर उचलल्या जातात आणि ओढणाऱ्याचा ताबा सुटतो. तोल साधून भरलेली गाडी म्हणजे रचनाच. फक्त ती बघण्यासाठी केलेली नसते.

म्हणून आमचं म्हणणं असं आहे. रस्त्यावर जी रचना आपल्याला अनपेक्षित वाटते ती आपल्याला अनपेक्षित असते. बहुतेक वेळा कुणीतरी ती गरजेपोटी, पोटापाण्यासाठी, सवयीनं तिथे मांडून ठेवलेली असते. तेव्हा छायाचित्राची पारख करताना 'रेघा जुळल्या का' एवढ्यावर थांबू नये. ज्यानं ती मांडणी केली त्याचे कष्ट, त्याची अडचण चित्रात उरली का, हेही विचारावं.

आता हे जरा ताणून बघू. आधी आपल्या शहरातल्या नेहमीच्या छायाचित्रांकडे येऊ. पुण्यातल्या छायाचित्रांच्या कुठल्याही प्रदर्शनात काय दिसतं? तुळशीबागेतले रंगीत ढीग. पालखीतल्या म्हाताऱ्या वारकऱ्याचा सुरकुतलेला चेहरा. तोंडाला स्कार्फ गुंडाळून स्कूटरवर निघालेल्या मुली. ढोलपथक आणि हवेत गुलाल. आणि पुणेरी पाटी, शक्यतो तिच्याच खाली नेमकी तिच्या उलट वागणारी व्यक्ती. यातलं एकही वाईट नाही. आम्हीही हे सगळं काढलंय, अजून काढतो. पण ही छायाचित्रं बघताना आपण नवं काही बघत नाही, आधीपासून माहीत असलेल्या गोष्टीवर शिक्का मारतो.

याला उतारा म्हणून गेल्या काही वर्षांत दुसरा प्रकार आला, योगायोगाचा. फलकावरचा नट बोट दाखवतोय आणि खाली खुर्चीत पहारेकरी झोपलाय. भिंतीवर पंख रंगवलेत आणि बरोबर त्यांच्यासमोर टपरीवाला उभा. हे टिपायला चपळाई लागते, ती आम्ही कमी लेखत नाही. पण असं चित्र विनोदासारखं असतं. कळलं की संपलं. दुसऱ्यांदा बघितलं तर काही नवीन हाती लागत नाही, आणि झोपलेला पहारेकरी रात्रपाळी करून बसला असेल हा विचार तर त्या चौकटीत शिरतच नाही.

इथे कुणीतरी म्हणेल, थोरामोठ्यांनीही हेच केलंय की. बरोबर आहे. म्हणून थोरांकडेच जाऊ.

आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांचं १९३२ सालचं पॅरिसमधलं छायाचित्र तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. साँ-लझार स्टेशनच्या मागची जागा, सगळीकडे पाणी साचलेलं. एक माणूस उडी मारतोय, त्याची टाच पाण्याला टेकायला केसभर अंतर उरलंय. मागच्या भिंतीवर जाहिरात, तिच्यात झेपावणारी नर्तकी. माणूस, त्याचं पाण्यातलं प्रतिबिंब आणि नर्तकी अशी तिहेरी उडी. योगायोगाच्या छायाचित्रांची गंगोत्रीच म्हणा ना.

आता आपली कसोटी इथे लावू. या चित्रातला माणूसही काळी आकृतीच आहे. चेहरा दिसत नाही. आमचे नाना पेठेतले काका इथेही म्हणाले असते, हा कुणीबी असंल. मग हे चित्र आमच्या त्रिकोणापेक्षा वेगळं कशात आहे? पाण्यात आडवी पडलेली शिडी बघा. तो माणूस त्या शिडीवरून चालत आलाय. शिडी संपली, पाणी संपलं नाही, म्हणून उडी. ती शिडी तिथे कुणीतरी टाकलेली किंवा सोडलेली आहे. नर्तकी भिंतीवर शोभून दिसते, पण चित्राला जीव येतो तो शिडीमुळे, कारण उडी का मारावी लागली ते तिच्यामुळे कळतं. माणसाची अडचण चित्रात शाबूत आहे. म्हणजे चेहरा दिसलाच पाहिजे असा आमचा हट्ट नाही. अडचण दिसली पाहिजे.

याच कार्तिए-ब्रेसाँ यांचं १९५२ सालचं पुस्तक जगभर 'निर्णायक क्षण' अशा अर्थाच्या इंग्रजी नावानं गाजलं. आपल्याकडेही तो शब्द मंत्रासारखा म्हटला जातो. पण मूळ फ्रेंच नाव वेगळं आहे, 'इमाज आ ला सोव्हेत'. 'आ ला सोव्हेत' म्हणजे घाईघाईत, लपूनछपून. फ्रेंचमध्ये हे शब्द खास करून वापरतात ते परवाना नसलेल्या, पोलीस दिसला की माल गुंडाळून पळणाऱ्या फेरीवाल्याच्या विक्रीला. आता डोळ्यांसमोर लक्ष्मी रस्ता आणा. कापडावर माल पसरून बसलेला पथारीवाला. अतिक्रमणची गाडी आल्याची कुजबुज होते आणि बघता बघता चारी टोकं एकत्र येतात, बोचकं खांद्यावर, जागा मोकळी. जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या छायाचित्र-पुस्तकाचं नाव आपल्या पथारीवाल्याच्या धंद्यावरून आलंय असं म्हटलं तर फार चुकणार नाही. 'निर्णायक क्षण' म्हटलं की छायाचित्रकार राजा होतो. 'आ ला सोव्हेत' म्हटलं की तोही रस्त्यावरचाच एक जण होतो, थोडा चोरटा, थोडा घाबरलेला. आम्हाला दुसरं नाव जास्त खरं वाटतं.

आता आपल्या देशात येऊ. रघुबीर सिंह. जन्म जयपूरचा, १९४२. तरुणपणी, १९६६ साली, जयपूरमध्येच त्यांनी कार्तिए-ब्रेसाँ यांना काम करताना पाहिलं. मोठेपणी वाट मात्र वेगळी धरली. छायाचित्रकलेत कृष्णधवलची प्रतिष्ठा होती, त्या काळात ते रंगाला धरून राहिले. भारतीय नजर मुळात रंगातच बघते, असा त्यांचा आग्रह होता. मुंबईवर त्यांनी जे काम केलं त्याचं पुस्तक १९९४ साली आलं.

त्यांची दोन छायाचित्रं आमच्या चर्चेत पुन्हा पुन्हा येतात. एक १९८९ सालचं, मुंबईच्या झवेरी बाजारातलं. दागिन्यांच्या दुकानाची काच, आतली माणसं आणि बाहेरचा बाजार सगळं एकाच चौकटीत. दुसरं १९९१ सालचं, हावड्यातलं, पदपथावर मांडलेल्या आरशांच्या दुकानाचं. आरशांमध्ये रस्ता तुकड्या-तुकड्यांनी दिसतो. दोन्हींत एक मध्यबिंदू नाही. डोळा कुठूनही आत शिरतो आणि कुठूनही बाहेर पडतो. जुन्या लघुचित्रांत जसे एकाच पानावर चार प्रसंग चाललेले असतात, तसं.

पण आमच्या मुद्द्यासाठी महत्त्वाचं असं की ते आरसे कुणी मांडले? विकणाऱ्यानं. गिऱ्हाइकाला आपलं रूप दिसावं, लांबून चमक दिसावी, म्हणून. रघुबीर सिंहांचं मोठेपण हे की त्यांनी त्या मांडणीवर कुरघोडी केली नाही. दुकानदाराच्या रचनेतच ते जाऊन उभे राहिले. आमच्या लक्ष्मी रस्त्यावर साड्यांच्या आणि सराफांच्या दुकानांच्या काचा कमी आहेत का? आम्ही त्या काचांसमोर उभे राहतो ते प्रतिबिंबांची गंमत म्हणून. काचेआड उभ्या पुतळ्याला रोज साडी कोण नेसवतं, निऱ्या कोण बसवतं, याचा विचारच आमच्या मनात येत नाही. तो आला तर आपण उभे कुठे राहतो, तेही कदाचित बदलेल.

तिसरं उदाहरण रघु राय यांचं, १९९५ सालचं, चर्चगेट स्टेशनचं. शटर जरा जास्त वेळ उघडं ठेवलेलं, त्यामुळे गाड्यांकडे धावणारी गर्दी धुरासारखी पुसट झालीय. त्या धुरात काही माणसं मात्र स्थिर, वर्तमानपत्र वाचत. तांत्रिक करामत म्हणून ते शिकवलं जातं. आम्हाला त्यात दिसतं ते असं की कॅमेऱ्यानं वेळ दिला, आणि कोण स्थिर राहायचं, कोण पुसट व्हायचं हे माणसांनी आपलं आपण ठरवलं. चौकट छायाचित्रकाराची, पण आतली वाटणी चर्चगेटची.

आता पुन्हा पुण्यात. इथल्या मांडण्या कशा ओळखायच्या, ते दोन-तीन जागांवरून सांगतो.

पहिली जागा जुना बाजार. बुधवार आणि रविवार. जमिनीवर पसरलेल्या कापडावर नळ, कुलुपं, चार्जर, पितळी घंटा, तुटकी घड्याळं. वरून काढलं की अमूर्त चित्र तयार. आम्ही अशी डझनभर काढली असतील. मग एकदा सकाळी लवकर जाऊन नुसतं बसलो, कॅमेरा पिशवीत ठेवून. तेव्हा दिसलं की जड वस्तू आधी कोपऱ्यांवर जातात, कापड वाऱ्यानं उडू नये म्हणून. लहान आणि किमती वस्तू विकणाऱ्याच्या हाताजवळ, कुणी उचलून नेऊ नये म्हणून. गिऱ्हाइकाच्या पायाशी तो माल, जो वाकून चिवडला तरी चालतो. ज्याला आम्ही 'सहज विखुरलेलं' म्हणत होतो त्यात एक वस्तू सहज नव्हती. त्यानंतर काढलेल्या छायाचित्रांत विकणाऱ्याचा हात आला, आणि हात आल्याबरोबर त्या चित्राला वर-खाली आलं.

दुसरी जागा मुठेवरचे पूल. खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल पाण्याखाली जातो आणि वरच्या पुलांच्या कठड्यांशी लोक उभे राहतात. छत्र्या, रेनकोट, पाठच पाठी. चौकट म्हणून अप्रतिम, कारण एवढी माणसं एकाच दिशेला बघतायत असं शहरात एरवी होत नाही. परक्या छायाचित्रकारालाही हे सापडेल. पण पुण्यात नदीचं पाणी बघायला उभं राहणं म्हणजे नुसती करमणूक नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, त्याच्या खुणा या शहरातल्या घराघरांत सांगितल्या जातात. पाणी कुठवर आलं होतं, ते आजी हातानं दाखवते. त्या पाठींच्या रांगेत एखादी वयस्क बाई नातवाला बोटानं काही दाखवत असेल, तर ते बोट ६० वर्षं मागे जातं. डोळ्यांना रचना दिसते, तिच्यामागचं नातं मात्र माहिती असल्याशिवाय दिसत नाही. आणि ज्याला ते माहीत आहे तो उभाच वेगळ्या जागी राहतो. पाठींमागे न राहता तो बाजूला सरकतो, ते बोट दिसेल अशा बेतानं.

तिसरी जागा नवी आहे. २०२२ साली मेट्रो सुरू झाली आणि आमच्यातल्या जुन्या मंडळींनी हाय खाल्ली. कर्वे रस्त्यावर खांब, वर काँक्रीटचा पट्टा, आकाश गेलं, चौकटीचं वाटोळं झालं! डेक्कनच्या बाजूला पगडीच्या आकाराची स्टेशनं आली तेव्हा तर विनोदी छायाचित्रांचा पूरच आला. पण खांबांना शिव्या देऊन झाल्यावर आता आम्हाला दिसायला लागलंय की त्या पुलाखाली नव्या मांडण्या तयार झाल्यात. भर उन्हात सिग्नलला दुचाकीवाले पुढच्या पांढऱ्या रेघेपर्यंत येतच नाहीत. जिथे सावली संपते तिथेच सगळे थांबतात. मग सावलीच्या कडेला सरळ रेघेत चाकं, आणि पुढे रिकामा, तापलेला रस्ता. वाहतुकीच्या नियमानं जी रेघ पुण्यात कधी पाळली गेली नाही ती उन्हानं पाळून घेतली! हे हसण्यासारखं आहे, पण झोपलेल्या पहारेकऱ्याच्या विनोदासारखं कळताक्षणी संपत नाही. त्यात झाडं गेलेला रस्ता आहे, ऊन आहे, आणि माणसांनी न ठरवता केलेली तोडगा-रचना आहे.

आता एक शंका, जी आमच्यातही निघाली आणि तुमच्याही मनात असेल. मग काय, छायाचित्र काढायच्या आधी प्रत्येकाची चौकशी करत बसायचं? परवानगी घ्यायची? विचारलं की माणूस ताठ उभा राहतो, केस सारखे करतो, संपलं. हे खरं आहे. आधी विचारलं असतं तर साँ-लझारची उडी आपल्याला मिळाली नसती. आम्ही जो मार्ग काढलाय तो असा: आधी काढायचं, मग दाखवायचं, आणि नको म्हटलं तर समोर पुसून टाकायचं. काही चांगली छायाचित्रं आम्ही अशी घालवलीत. त्याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोला. पण दाखवण्यात जे मिळतं ते घालवलेल्यापेक्षा जास्त आहे. ती हातगाडी काढून आम्ही तसेच पुढे गेलो असतो तर दोर ढिला होता हे आम्हाला कधीच कळलं नसतं.

नाना पेठ ही काही साधी जागा नाही. बाबा आढावांनी ज्या हमालांना संघटित केलं, हमाल पंचायत उभी केली, त्यांचा हा परिसर. ओझं वाहणाऱ्याला नाव आहे, मोल आहे, त्याच्या श्रमाचा हिशेब मांडला पाहिजे, हे या भागात काही दशकं ठणकावून सांगितलं गेलं. आणि तिथेच आम्ही पाठीवर ऊन घेणाऱ्या माणसाची काळी आकृती करून 'वा' म्हणत होतो. ही गोष्ट आम्हाला लागली. आजही लागते.

शेवटी त्या छायाचित्राचं काय झालं, ते सांगून थांबतो. ज्यानं ते काढलं त्यानं घरी जाऊन त्या सकाळचे सगळे फोटो पुन्हा पाहिले. त्रिकोणाच्या काही सेकंद आधीचा एक होता. त्यात रेघा जुळलेल्या नाहीत. कोपऱ्यात कुणाच्या तरी स्कूटरचं चाक आलंय. पण खाली रस्त्याचा चढ पूर्ण दिसतो, दोराचं सुटलेलं टोक लोंबतंय, आणि काकांचा एक हात दांडी सोडून मागे गेलाय, थप्पीला आधार द्यायला. त्रिकोण नीट यावा म्हणून पुढच्या फोटोत आमच्या मित्रानं चौकट उचलून चढच कापला होता. साँ-लझारच्या चित्रातून शिडी कापावी, तसं.

दोन्हींच्या प्रती काढून आम्ही शेजारी-शेजारी ठेवल्या. काही जण अजूनही म्हणतात की पहिलंच चांगलं, दुसरं ढिसाळ आहे, दया आणि कला यांची गल्लत करू नका. त्यांचं म्हणणं आम्ही उडवून लावत नाही, कारण चांगला हेतू असलेलं वाईट छायाचित्र हे वाईटच असतं. पण दुसरी प्रत घेऊन आम्ही नाना पेठेत गेलो. काका भेटायला तीन रविवार लागले. त्यांनी ती हातात घेतली, जरा लांब धरली.

"हां," म्हणाले, "हा मी."

प्रत त्यांनी ठेवून घेतली. पहिलं छायाचित्र आमच्याकडेच आहे. ते अजूनही सुंदर दिसतं, आणि आता त्याच्याकडे बघितलं की दोर कुठे सुटलाय ते आम्ही शोधत राहतो.